खोल आणि दमदार बेस असलेली ध्वनिमुद्रणे: काय ऐकावे, कसे ऐकावे

गोदातीर (धागाकर्ता)

बेसचा, म्हणजे संगीतातल्या सर्वांत खालच्या स्वरांचा, विषय निघाला की आपल्याकडे गाडी बहुधा वूफरच्या इंचांवर आणि अॅम्प्लिफायरच्या वॉटवर येऊन थांबते. एखादे मुद्रण खरोखर किती खाली जाते, त्या तळाशी नेमके कोणते वाद्य आहे आणि ते इतके स्वच्छ कसे पकडले गेले, याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे सापडत नाही. ती चर्चा येथे व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. नाशिककर वाचकांकडून विशेष अपेक्षा आहे, कारण ज्या शहराच्या नावाने ढोल ओळखला जातो त्या शहराला या विषयावर सांगण्यासारखे पुष्कळ असणार.

आधी थोडे आकडे मांडतो. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ (सेकंदाला २० कंपने; आकडा जितका लहान तितका स्वर खोल) मानली जाते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला बोलते, पाच तारांच्या गिटारची ३१ हर्ट्झला, तर पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झला. चर्चमधल्या पाइप ऑर्गनची सोळा फुटी उघडी नळी सुमारे ३३ हर्ट्झ देते आणि बत्तीस फुटी नळी सुमारे १६ हर्ट्झ, म्हणजे जिथे कान संपतो आणि नुसते अंग ऐकते तिथपर्यंत ती पोहोचते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. टेबलावर मावणारे बहुतेक छोटे स्पीकर ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खाली हात टेकतात, त्यामुळे वर सांगितलेल्यांपैकी बरेचसे स्वर अनेक श्रोत्यांनी मूळ रूपात कधी ऐकलेलेच नसतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की बेस भरपूर असणे निराळे आणि बेस खोल असणे निराळे. साठ ते एकशेवीस हर्ट्झचा पट्टा फुगवला की कोणतेही गाणे दणदणीत वाटू लागते, परंतु त्यात प्रत्येक ठोका एकाच सुराचा होतो, किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस गिटार एकमेकांत कालवले जातात आणि ठोका संपला कधी हे कळत नाही. ज्या मुद्रणात बेसच्या प्रत्येक स्वराची उंची ओळखू येते, स्वर कोणत्या क्षणी सुरू झाला आणि कोणत्या क्षणी थांबला हे स्पष्ट ऐकू येते आणि मधल्या जागेत शांतता शिल्लक असते, त्याला मी दमदार बेस म्हणतो. या तिन्हींत थांबणे सर्वांत अवघड आहे.

या कसोटीला उतरणारे माझ्या संग्रहातले पहिले मुद्रण म्हणजे फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांच्या १८८६ सालच्या तिसऱ्या सिंफनीचे, शार्ल म्यूंश यांच्या संचालनाखाली बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राने १९५९ मध्ये केलेले. ही सिंफनी ‘ऑर्गन सिंफनी’ म्हणून ओळखली जाते आणि लोक तिचा शेवटचा, गर्जना करणारा भाग लावून दाखवतात. माझी विनंती आहे की आपण आधी तिचा संथ भाग ऐकावा. तेथे ऑर्गन अत्यंत हळू, तंतुवाद्यांच्या खालून येतो. पहिल्या काही क्षणांत काही वाजू लागले आहे असे वाटतच नाही, फक्त खोलीतली हवा जड झाल्याचे जाणवते. पायपट्टीचा एक स्वर सुटून दुसरा लागतो तेव्हा ती जडता जागा बदलते, आणि स्वर पूर्ण थांबतो तेव्हा पाठीवरचा हात कोणी काढून घ्यावा तसे होते. आवाज मुळीच मोठा नसताना बेस इतका खोल असू शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

रिचर्ड स्ट्राउस यांच्या १८९६ सालच्या ‘आल्सो श्प्राख झाराथुस्त्रा’ची सुरुवातही याच जातीची आहे. ऑर्गन, डबल बेस, काँट्राबसून आणि मोठा ड्रम मिळून एक खालचा षड्ज धरून ठेवतात आणि त्यावर तुताऱ्या येतात. बहुतेक ठिकाणी तुताऱ्याच लक्षात राहतात, कारण खालचा स्वर स्पीकरपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

टेलार्क कंपनीने १९७८ मध्ये सिनसिनाटी सिंफनीकडून मुद्रित करून घेतलेले चायकोव्स्कींचे ‘१८१२ ओव्हर्चर’ या विषयात नेहमी सांगितले जाते. त्यात खऱ्या तोफांचे आवाज आहेत आणि स्पीकरला इजा होऊ शकते अशी सूचना त्या तबकडीवर छापलेली होती. तोफांची ऊर्जा ऐकू येण्याच्या मर्यादेच्याही खाली जाते. यंत्रणेची परीक्षा म्हणून ते ठीक आहे, पण संगीत म्हणून मी त्याकडे पुन्हा पुन्हा वळत नाही.

आधुनिक संगीतात ‘मॅसिव्ह अटॅक’ या गटाच्या १९९८ सालच्या ‘मेझनीन’ या अल्बममधील पहिले गाणे ‘एंजल’ अवश्य ऐकावे. बेसची ओळ जवळजवळ एकटीच सुरू होते आणि वरचे थर नंतर चढत जातात, त्यामुळे आपल्या यंत्रणेत तो पाया स्वतंत्रपणे ऐकून घेता येतो. मराठीतून एक नाव सुचवतो. ‘सैराट’च्या (२०१६) गाण्यांचा वाद्यमेळ अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. ‘झिंगाट’चा ठेका सर्वांना पाठ आहे, परंतु ‘याड लागलं’मध्ये तंतुवाद्यांचा खालचा थर मोठ्या दालनाच्या हवेसकट आला आहे, तो शांतपणे ऐकण्यासारखा आहे.

आपापली नावे कारणांसह सांगावीत, ही विनंती.

स्वरदा_पंचवटी

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. आपण यादी पाश्चात्त्य संगीताने सुरू केलीत ते समजू शकते, पण थांबण्याची जी कसोटी आपण सांगितली ती डग्ग्याला, म्हणजे तबल्याच्या जोडीतील डाव्या हाताच्या वाद्याला, लावल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

डग्ग्याचा ‘घे’ हा एकच स्वर नसतो. बोटांनी आघात केल्यावर मनगटाचा दाब वाढला की कातडे ताणले जाते आणि स्वर वर सरकतो, दाब सुटला की खाली येतो. शाई (कातड्यावरचा काळा लेप) मध्यभागी नसून एका बाजूला असल्यामुळे मनगट टेकायला जागा मिळते. ‘धा’ वाजवून डग्गा खुला सोडणे आणि ‘के’ने तो बंद करणे यांतला फरक म्हणजेच ठेक्याचा श्वास आहे. ज्या मुद्रणात बेस फुगवलेला असतो तेथे बंद बोलही खुला वाटू लागतो, आणि खाली-भरीचा भेद, जो डग्ग्याच्या असण्या-नसण्यावरच उभा आहे, पुसला जातो. त्रितालात नवव्या मात्रेला खाली आल्यावर डग्गा मागे सरतो. ती रिकामी झालेली जागा स्पीकरमधून जाणवली पाहिजे.

पखवाजाचा प्रकार आणखी निराळा आहे. त्याच्या डाव्या पुडीवर कायमची शाई नसते, वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावतात आणि तिच्या वजनाने स्वर हवा तितका खाली आणतात. कणीक सुकत जाते तसा आवाज बदलतो, म्हणून मैफल लांबली की वादक ती पुन्हा ओली करतो. शाईने किंवा लेपाने कातड्याच्या कंपनांत काय बदल होतो याचा अभ्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला होता. साध्या ढोलाचे उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर) एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात, परंतु शाईमुळे तबल्याचे आणि मृदंगाचे उपस्वर तंतुवाद्याप्रमाणे सुरात येतात, हे त्यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये दाखवून दिले.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात डग्ग्यावर मोठा अन्याय झालेला आहे. १९२५ पर्यंत मुद्रण भोंग्यातून होत असे आणि त्यात सुमारे दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच उतरत नसे. त्यामुळे जुन्या गायकांच्या त्या काळातील तबकड्यांत तबल्याची चाट (कडेवरचा आघात) ऐकू येते, डग्गा मात्र बहुतेक अंदाजानेच ऐकावा लागतो. विजेवर चालणारा मायक्रोफोन आल्यावर ही स्थिती बदलली. भोंग्याच्या काळातील वादकांच्या डाव्या हाताविषयी आपण जे वाचतो ते केवळ ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून आलेले आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

माझी शिफारस ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या अल्बमची आहे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार असे ते वादन १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका चर्चच्या प्रार्थनागृहात मुद्रित झाले. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी आहेत. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक लावून नंतर जुळवणी करण्याऐवजी कलाकारांसमोर ठेवलेल्या मोजक्या माइकांवर ते सारे घेतले असल्याने डग्ग्याचा आघात, त्याची मींड आणि त्यामागून येणारा प्रार्थनागृहाचा प्रतिसाद हे तिन्ही वेगवेगळे ऐकू येतात. बेस मुद्दाम वाढवलेला नाही, म्हणून तो खरा वाटतो.

सातपूरकर

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका आहे. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून दोनशे हर्ट्झच्या खालचे फारसे येत नाही असे वाचले आहे, तरीही मला मोबाइलवर बेस गिटारची चाल नीट ओळखू येते. ती कशी? आणि मग मोठ्या यंत्रणेची गरज तरी काय? माझ्याकडे बारा बाय दहाच्या खोलीत दोन मध्यम स्पीकर आणि एक सब-वूफर (फक्त खालचे स्वर देणारा स्पीकर) आहे. आपण सुचवलेली सिंफनी लावून पाहिली, पण संथ भागात ऑर्गन असल्याचे मला जाणवले नाही.

गोदातीर (धागाकर्ता)

शंका अगदी योग्य जागी आहे. ४१ हर्ट्झच्या स्वराबरोबर त्याच्या पटीतले ८२, १२३, १६४, २०५ हर्ट्झ असे उपस्वरही वाजत असतात. मोबाइलमधून फक्त वरचे उपस्वर येतात, पण त्यांतले अंतर ४१चेच असते आणि त्या अंतरावरून मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून चाल कळते. मात्र मेंदूने भरलेल्या स्वराला वजन नसते, तो छातीला लागत नाही.

याचे एक उदाहरण आपल्या गोदाघाटावरच आहे. नारोशंकराच्या देवळातील घंटा पोर्तुगीज बनावटीची असून वसईच्या विजयानंतर ती नाशकात आली असे सांगतात. युरोपीय पद्धतीने ओतलेल्या मोठ्या घंटांचे एक वैशिष्ट्य असे की टोल पडताक्षणी जो मुख्य सूर आपण ऐकतो, त्याची उंची प्रामुख्याने वरच्या उपस्वरांवरून कानाने ठरवलेली असते. त्याखाली सुमारे एक सप्तक खोल असलेला गुंजनाचा स्वर खराखुरा हवेत असतो आणि टोलाचा कडकपणा ओसरल्यावर तोच सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो. घंटेचे मुद्रण मोबाइलवर ऐकले तर टोल मिळतो, गुंजन बहुतेक हरवते.

आता आपल्या ऑर्गनविषयी. दोन कारणे संभवतात. पहिले कारण आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवले की आवाज कमी असताना कान बेसला फार बहिरा असतो. मधल्या पट्टीतला स्वर ४० डेसिबलवर ठेवला, तर ४० हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा वाटण्यासाठी आणखी चाळीसएक डेसिबल द्यावे लागतात. जुन्या अॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे ते यासाठीच. म्हणून हे मुद्रण रात्री हळू आवाजात ऐकून चालणार नाही.

दुसरे कारण खोली, आणि हे अधिक महत्त्वाचे आहे. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर असते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये जेव्हा अर्धी लहर नेमकी बसते तेव्हा तो स्वर भिंतीजवळ प्रचंड फुगतो आणि खोलीच्या मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. आपली खोली बारा फुटांची असेल तर हे ४७ हर्ट्झला घडेल आणि दहा फुटांच्या बाजूने ५६ हर्ट्झला. बहुतेक जण सब-वूफर कोपऱ्यात सरकवतात आणि आपण मध्यभागी बसतात, म्हणजे काही स्वर अंगावर येतात आणि त्यांच्या शेजारचे गायब होतात. यावर एक खात्रीचा उपाय आहे. सब-वूफर उचलून आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, बेसची चढती-उतरती ओळ असलेले गाणे लावावे आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत कान जमिनीलगत ठेवून ऐकावे. जेथे सर्व स्वर सारखे ऐकू येतील ती सब-वूफरची जागा. ध्वनिलहरींचे नाते दोन्ही दिशांनी सारखेच असल्याने ही युक्ती लागू पडते.

सब-वूफर हलवण्यापूर्वी २० ते १०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा एक सूर वाजवून खोलीत काय काय थरथरते हेही पाहावे. माझ्याकडे सरकत्या खिडकीची काच आणि लोखंडी कपाटाचे दार यांनी दोन ठिकाणी साथ दिली. स्वयंपाकघरातील मांडणीवर उभी लावलेली स्टीलची ताटे तर एका विशिष्ट स्वराला अशी काही किणकिणत होती की तो आवाज मी मुद्रणातलाच समजत असे. काचेच्या खाचेत रबराची पट्टी आणि ताटांखाली फडके घातल्यावर ऑर्गनच्या खालचा तो बारीक खळखळाट गेला.

टिपरू_आणि_थाप

मी पथकात ढोल वाजवतो आणि काही वर्षांपासून पथकाचे मुद्रणही करतो. नाशिक ढोलाचा उल्लेख धाग्याच्या सुरुवातीला झाला म्हणून लिहितो आहे. या ढोलाचे चांगले ध्वनिमुद्रण फार थोडे आहे, आणि त्याची कारणे माइकच्या किमतीत नाहीत.

ढोलाच्या एका पानावर (तोंडावर ताणलेल्या कातड्यावर) हाताची थाप पडते आणि दुसऱ्यावर टिपरू, म्हणजे काठी. नवख्या मुद्रकाला वाटते की दोन्ही पानांना एकेक माइक लावला की काम झाले. प्रत्यक्षात थाप पडते तेव्हा थापेचे पान आत, म्हणजे आपल्या माइकपासून दूर जाते आणि आतल्या हवेने ढकललेले समोरचे पान बाहेर, म्हणजे त्याच्या माइककडे येते. दोन माइकांत लहर एकमेकींच्या उलट नोंदली जाते. हे दोन ट्रॅक जसेच्या तसे मिसळले की नेमका खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो आणि एवढा मोठा ढोल डब्यासारखा वाजतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची दिशा, उलटवण्याचे बटण दाबले की पोट परत येते. अनेक जण हे न करता बेसची कळ पिळत बसतात, मग उरतो तो केवळ घोंगाट.

दुसरी अडचण ताशाची. ताशाचा आवाज इतका तीक्ष्ण असतो की तो ढोलाच्या प्रत्येक माइकमध्ये शिरतो. जवळून लावलेल्या, एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकमध्ये बेस आपोआप वाढतो आणि दूर नेला की कमी होतो, त्यामुळे ताशा टाळण्यासाठी माइक अगदी पानाला भिडवला तर ढोलाचा आवाज खोटा फुगतो. आम्ही आता किक ड्रमसाठीचा माइक थापेच्या पानापासून सुमारे वीतभर ठेवतो आणि सर्व दिशांनी ऐकणारे दोन माइक पथकासमोर उंचावर लावतो. खरा पाया त्या दूरच्या दोन माइकांतूनच येतो, जवळच्या माइकने फक्त आघाताची कड मिळते.

तिसरी गोष्ट मोकळ्या मैदानाची. बंद खोलीत भिंती बेसला हातभार लावतात, उघड्यावर ती मदत नसते. वाकडी बारवेहून निघालेली मिरवणूक जुन्या गावातल्या अरुंद, दोन्हीकडे उंच घरे असलेल्या रस्त्यात शिरते तेव्हा तेच ढोल एकदम भारदस्त वाटू लागतात, आणि रविवार कारंजावर जागा मोकळी झाली की तो भार कमी होतो. वादकांचे हात बदललेले नसतात, रस्ता बदललेला असतो. म्हणून मी मुद्रणासाठी मैदानापेक्षा तीन बाजूंनी इमारती असलेले अंगण पसंत करतो.

पावसाचाही विचार करावा लागतो. चामड्याचे पान दमट हवेत सैल पडते, स्वर खाली जातो आणि आघात बोथट होतो, म्हणून वादक सारखे दोर ताणत राहतात. प्लास्टिकचे पान हवामानाला दाद देत नाही. परंतु त्याचा टणक आवाज मला मुद्रणात रुचत नाही, खाली जी ऊब चामडे देते ती त्यात नाही.

धागाकर्त्यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. आपण प्रत्येक स्वराची सुरुवात आणि शेवट स्पष्ट हवा म्हणता. पन्नास ढोल एकाच क्षणी कधीच पडत नाहीत. ती जी किंचित पसरलेली, रुंद थाप असते तीच पथकाची ओळख आहे. संगणकावर सारे ठोके रेषेत आणून ठेवलेली मुद्रणे मी ऐकली आहेत, त्यांत एकच ढोल मोठा करून ठेवल्यासारखे वाटते.

गोदातीर (धागाकर्ता)

आपला आक्षेप मला पटतो आणि माझी कसोटी त्याप्रमाणे थोडी सैल करतो. पन्नास ढोलांची थाप रुंदच असणार. तरीही दोन थापांच्या मधली जागा रिकामी राहते की नाही, हा प्रश्न तेथेही विचारता येईल. आपण अंगणाविषयी लिहिलेत त्यावरून वाटते की तीन भिंतींमुळे भार मिळतो आणि चौथी बाजू उघडी असल्याने तो साचून राहत नाही. चारही बाजू बंद असलेल्या सभागृहात पथक वाजले की ती जागाच नाहीशी होते.

तबकडीवाला

तबकडीच्या बाजूनेही थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण ‘तबकडीचा बेस अधिक खोल असतो’ हे विधान फार वेळा ऐकू येते. मी आयुष्यभर तबकड्या जमवल्या आहेत आणि त्यांच्यावर माझे प्रेम आहे, परंतु हे विधान तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही. बेसची लहर खोबणीत मोठी वळणे घेते आणि जागा खाते. म्हणून तबकडी कापताना बेस मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना फोनो अॅम्प्लिफायर तो तितकाच परत वाढवतो. यासाठी १९५४ पासून आरआयएए या अमेरिकी ध्वनिमुद्रण संघटनेचे एकच प्रमाण रूढ झाले. शिवाय डाव्या-उजव्या बाजूंचा बेस वेगवेगळा ठेवला तर सुई वरखाली उडू लागते, त्यामुळे खालचे स्वर बहुधा दोन्हीकडे सारखेच ठेवतात. एका बाजूला जास्त वेळाचे संगीत बसवले असेल तर खोबणी दाटीवाटीच्या होतात आणि बेसला आणखी कात्री लागते. टेलार्कच्या तोफा तबकडीवर नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि त्या जागी कित्येकांच्या सुया खोबणी सोडून उडाल्या आहेत.

१९८२ मध्ये आलेल्या सीडीला यांतले कोणतेच बंधन नव्हते, २० हर्ट्झपर्यंत आणि त्याखालीही ती सरळ जाते. एमपीथ्रीबद्दलही गैरसमज आहे. दाब देऊन लहान केलेल्या फाइलमध्ये पहिली झळ वरच्या स्वरांना लागते, बेस बहुतेक शाबूत असतो. तबकडीवर बेस भरदार वाटतो त्याचे श्रेय मी कापणी करणाऱ्या अभियंत्याच्या निवडीला देईन. जागा मोजकी असल्याने त्याला प्रत्येक ठोक्याचा विचार करावा लागत असे.

अनाहत

दोन नावे सुचवतो. एक मानवी आवाजाचे: रखमानिनॉव्ह यांची १९१५ सालची ‘ऑल-नाइट व्हिजिल’. यात एकही वाद्य नाही. पाचव्या भागाच्या शेवटी खर्जातले गायक पायरी पायरीने उतरत ५८ हर्ट्झच्या स्वरावर येऊन टेकतात, म्हणजे वर सांगितलेल्या तानपुऱ्याच्या खर्जापेक्षाही खाली. मोठ्या चर्चमध्ये मुद्रित झालेली प्रत निवडावी.

दुसरे नाव मुंबईचे. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ (ठोके देणारे) आणि टीबी-३०३ (बेसची ओळ वाजवणारे) या यंत्रांवर केला. १९८० मध्ये आलेल्या ८०८ यंत्राचा किक ५० हर्ट्झच्या आसपास दीर्घकाळ घुमू शकतो आणि पुढे जगभरच्या नृत्यसंगीताने तोच पाया धरला. भैरव किंवा ललत अशा रागांच्या खाली तो पाया इतक्या लवकर घातला गेला होता, हे आपल्याकडे पुरेसे माहीत नाही.

मेनरोडवासी

मी संगीतप्रेमी आहे, पण मिरवणुकीच्या रस्त्यावर राहतो, म्हणून या चर्चेत एक बाजू मांडतो. डीजेच्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर घरातील वृद्धांच्या छातीत धडधडते. तक्रार केल्यावर मीटर लावतात आणि आकडा फारसा वाढलेला नाही असे सांगतात. हे कसे शक्य आहे?

टिपरू_आणि_थाप

काका, शक्य आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, ती डेसिबल ‘ए’ या मापात. ‘ए’ माप हळू आवाजातील कानाच्या वागण्यावर बेतलेले असल्याने ते ६३ हर्ट्झच्या आवाजातून २६ डेसिबल आणि ३१.५ हर्ट्झच्या आवाजातून ३९ डेसिबल वजा करते. मोठ्या आवाजात कान बेसला तितका बहिरा राहत नाही, शरीर तर मुळीच नाही. मीटर बेस फारसा वजा न करणाऱ्या ‘सी’ मापावर ठेवला तर दोन आकड्यांतील तफावतच बेसचे प्रमाण सांगते. शिवाय भिंत बेसला कमी अडवते, वारंवारता निम्मी झाली की भिंतीचा अडथळा सुमारे सहा डेसिबलने घटतो. म्हणून घराची दारे लावली तरी गाण्याचे शब्द बाहेर राहतात आणि ठोका तेवढा आत येतो. आम्ही पथकाच्या सरावाची पातळी दोन्ही मापांवर पाहतो.

सातपूरकर

धागाकर्त्यांनी सांगितल्याप्रमाणे केले. सब-वूफर कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवला आहे आणि माझी खुर्ची खोलीच्या मध्यातून मागे सरकवली आहे. संथ भागात ऑर्गन आता येतो. स्वर बदलताना आपण म्हणता ते जागा बदलणेही जाणवले. मात्र ८० हर्ट्झच्या आसपास, जेथे स्पीकर आणि सब-वूफर एकमेकांना मिळतात, तेथे बेस गिटारचे काही स्वर दबलेले वाटतात. तानपुऱ्याच्या खर्जातही तोच पोकळपणा आहे.

गोदातीर (धागाकर्ता)

तेथे सब-वूफर आणि स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ओढत आहेत. सब-वूफरच्या मागे शून्य आणि १८० अंशांची, म्हणजे लहर उलटवणारी, कळ असेल. तानपुऱ्याचे मुद्रण लावून खुर्चीत बसावे आणि दुसऱ्या कोणाला ती कळ दोन्हीकडे फिरवायला सांगावे. ज्या स्थितीत खर्ज भरून येईल ती कायम करावी. त्यानंतरही पोकळी राहिली तर जोडणीची वारंवारता ८० वरून ७० किंवा ९० करून पाहावी आणि सब-वूफरचा आवाज सर्वांत शेवटी लावावा. झाल्यावर स्वरदाताईंनी सुचवलेला अल्बम ऐकावा आणि डग्गा जेथे बंद होतो तेथे तो तुमच्या खोलीतही बंद होतो का, हे येथे कळवावे.